बुधवार ते रविवार फोन बंद

माझं तोंड खराब आहे असं सगळं सापगाव म्हणतं. म्हणू दे. मुरबाडकडं सासरी होते तेव्हा वीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली, नवऱ्याचं आजारपण काढलं, तो गेल्यावर माहेरी आले आणि आठ वर्षं बापाचं करते आहे. एवढं करून तोंड गोड राहिलं असतं तर मीच माझ्या पाया पडले असते.

पण आज सांगते ते तोंडाचं नाय, पोटातलं आहे. मला माझ्या दोन सख्ख्या भावांची किळस आलीय. राग म्हणत नाय मी. राग आला की चार भांडी आपटते, दुपारपर्यंत उतरतो. ही किळस उतरत नाय. भातात पाल निघाली की तो टोप कितीही घासा, पुन्हा चुलीवर ठेवताना हात मागे येतो, तसं झालंय.

दोघंही माझ्या पाठचे. त्यातला मोठा संदेश. कल्याणला राहतो, भिवंडीकडं एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. धाकटा अनिल, त्याचं शहापुरात विजेच्या सामानाचं दुकान. दोघांचंही बरं चाललंय, कुणाला कमी नाय. गेल्या वर्षी दोघांच्या डोक्यात एकाच वेळी भूत शिरलं की बायकापोरांना घेऊन क्रूझवर जायचं. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात राहायचं, मध्ये गोवा बघायचा, परत मुंबई. जायला माझी ना नव्हती. जावं माणसानं. आमच्या सात पिढ्यांनी पाणी बघितलं ते भातसेचं.

गणपतीत दोघं घरी आले आणि आरतीपेक्षा जास्त गजर ह्या क्रूझचा. संदेशनं फेब्रुवारीचं बुकिंग तेव्हाच केलेलं. त्याचं म्हणणं, सहा महिने आधी केलं की खोली मनासारखी मिळते, बाल्कनीची, आणि भावही कमी पडतो. फक्त रद्द केलं तर दमडी परत नाय. अनिल हसायला लागला. हा अनिल लहानपणापासून बाजार उठायच्या वेळेला बाजारात जाणारा. टोमॅटोचे, वांग्यांचे वाटे अंधार पडता पडता निम्म्यात मिळतात, घरी न्यायचा कंटाळा येतो म्हणून माणसं टाकून देतात, हे त्याचं शास्त्र. चपला, छत्री, मेथी, सगळं त्यानं असंच घेतलं. त्याचं म्हणणं, जहाज काय रिकाम्या खोल्या घेऊन सुटणार? शेवटच्या आठवड्यात बघ, बोलावून बोलावून देतात. संदेश म्हणाला, उरलेली खोली म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरची, खिडकी नसलेली. अनिल म्हणाला, झोपायला खिडकी कशाला लागते. असं तीन दिवस. मोदक खाताना तेच, विसर्जनाला जाताना तेच. मी शेवटी म्हटलं, गणपती बाप्पा तरी बरा, त्याचं बुकिंग ठरलेलं, जायचा दिवस ठरलेला, डोकं खात नाय कुणाचं.

आमचे बाबा, महिपत, त्र्याऐंशीचे. ओट्यावर बसून दोघांचं ऐकायचे आणि आलागेला दिसला की त्याला सांगायचे, माझी पोरं जहाजात जाणार. हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की जहाज ह्यांनीच बांधलंय. आयुष्यभर भातशेती केली, वीटभट्टीवर राबले, आई लवकर गेली तरी दुसरं लग्न केलं नाय, दोन्ही पोरांना कॉलेज दाखवलं. पोरांवर इतका जीव की पोरांबद्दल वाकडा शब्द काढला तर माझ्याशी दोन दिवस बोलायचे नाय.

संक्रांत झाली आणि बाबा पडले. पडले म्हणजे घसरून नाय, हळूहळू. जेवण सुटलं. नुसती पेज घ्यायचे, तीही अळणी, कारण बीपीच्या डॉक्टरनं मीठ कमी सांगितलेलं आणि मी मीठ कमी म्हणजे बंदच केलेलं. मग दिवसभर झोप, मध्येच असंबद्ध बोलणं. मला एकदा आईच्या नावानं हाक मारली. गावात येणाऱ्या डॉक्टरनं डोळे बघितले, नाडी बघितली आणि म्हणाला, वय झालंय, सेवा करा. सेवा करा म्हटलं की गावात अर्थ एकच होतो.

क्रूझ बुधवारी सुटणार होती. त्याच्या आधीच्या रविवारी दोघं भाऊ आले. संदेशचं तोंड उतरलेलं. मला वाटलं, बापाचं बघून उतरलं. आमच्या भावकीतली बाईजाकाकू तेव्हा येऊन बसलेली. सुतक, सोयर, कुठला विधी कसा, भावकीत काही अडलं की सगळी तिला विचारतात. संदेश तिच्याशेजारी जाऊन बसला, गोडगोड बोलला आणि मग हळूच विचारलं, काकू, समजा घरातलं माणूस गेलं आणि पोरगा लांब असला, तर सुतक कधीपासून धरायचं? म्हातारी म्हणाली, कानावर आला त्या दिसापासून. बापाचा असला तर ऐकल्या दिसापासून पुरे दहा दिस धराया लागतो, मग कितीपण उशिरा ऐकू दे.

"आणि ऐकलंच नाय तर?" संदेशनं विचारलं.

"ऐकला नाय तर कसला सुतक?" काकू म्हणाली. "ज्याच्या कानावर नाय, त्याला इटाळ नाय."

मी चुलीशी होते. ऐकलं, पण मनात काही आलं नाय. देवाशपथ सांगते, मला वाटलं पोरगा रीतभात विचारतोय, बरं आहे. एवढं वाईट माझ्यासुद्धा डोक्यात येत नाय, आणि माझं डोकं काय आहे ते गावाला माहीत आहे.

जाताना संदेश म्हणाला, ताई, पैसे परत मिळत नाय, पण बघतो काय होतंय ते. अनिल म्हणाला, माझं तर बुकिंगच नाय, मी कुठं जातोय, मी आहे ना इथं. शहापूर काय लांब आहे, हाक मारलीस की दहा मिनिटांत येतो. मला एकदम भरून आलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. धाकटा म्हणून लाडात वाढला, चिकट आहे, पण वेळेला उभा राहतो, असं त्या रात्री बाबांचे पाय चेपताना त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. काय मूर्ख बाई मी!

मंगळवारी संदेशच्या मनस्वीचा फोन आला. सातवीत आहे पोरगी, माझ्यावर माया आहे तिची. आत्या, आजोबा कसे आहेत, म्हणाली. म्हटलं, झोपलेत. मग म्हणाली, आत्या, तू उद्यापासून फोन करू नको हं, लागणार नाय. बुधवार ते रविवार आमच्या सगळ्यांचे फोन बंद.

मी म्हटलं, समुद्रात लागत नसेल.

"नाय गो आत्या, बोटीवर वायफाय आहे. पप्पांनीच सांगितलं, कुणी चालू करायचा नाय. आजोबांचं काही झालं आणि कळलं तर सुतक लागेल ना, मग ट्रिप फुकट जाईल."

पोरगी बोलली तशी बोलली, तिला त्यात काय आहे ते कळलंसुद्धा नाय. मी फोन ठेवला आणि परसदारी जाऊन थुंकले. खरंच थुंकले, तोंडाला तशी चवच आली होती. बाल्कनीची खोली. सहा महिने आधी घेतलेली. त्या खोलीपायी ह्या माणसानं बापाच्या मरणाला कडी लावून टाकली, की बाबा रे, मेलास तर मर, पण रविवारपर्यंत माझ्या कानावर येऊ नको.

तरी माझा धीर होता. अनिल होता ना.

बुधवारी सकाळी अनिल आला. डझनभर मोसंबी आणली. आमच्याकडं माणूस डझनभर मोसंबी आणतो म्हणजे त्याला कुठंतरी जायचं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पाच मिनिटं बसला, बाबांच्या कपाळावर हात ठेवला, घड्याळ बघितलं, दुकानात माल यायचाय म्हणाला आणि गेला. दुपारी बाबांनी पाणीसुद्धा घेतलं नाय तेव्हा मी त्याला फोन लावला. बंद. बायकोचा बंद. मग भावकीतला कमळू, ज्याची पिकअप आहे, त्याला दुकानावर पाठवलं. कमळूनं तिथून फोन केला की शटर बंद आहे, शेजारचा सांगतो, सोमवारी कसलीतरी ऑफर आली, दोन खोल्या उरल्या होत्या, निम्म्या भावात मिळाल्या, सकाळीच बॅगा भरून गेले सगळे.

म्हणजे बघा. एकानं आधी घेतलं म्हणून गेला, एकाला शेवटी स्वस्तात मिळालं म्हणून गेला. गणपतीत तीन दिवस माझं डोकं उठवलं, की आधी घेणारा शहाणा की थांबणारा शहाणा. आता सांगते, दोघं एकाच माळेचे मणी. फरक एवढाच की मोठ्यानं बापाला सहा महिन्यांपूर्वी विकलं आणि धाकट्यानं बाजार उठताना.

गुरुवारी सकाळपासून भावकी जमली. बाबांचे डोळे मिटलेले, श्वास घुर्रघुर्र. बाईजाकाकू म्हणाली, खाली घ्या. आमच्यात माणूस जाताना खाटेवर ठेवत नाय, जमिनीवर घोंगडी टाकून घेतात. घेतलं. बाबांचे ओठ हलले. मी कान नेला. "पोरां आली का?" एवढंच. मी म्हटलं, येतायत बाबा, समुद्रात आहेत, तिथं नेटवर्क नाय. परत थोड्या वेळानं तेच. मी परत तेच. दोन्ही घरांतले सहा फोन मी आळीपाळीनं लावत होते आणि सहाच्या सहा बंद.

तिकडं ओट्यावर माणसांची चर्चा सुरू झाली. अग्नी कोण देणार? पोरं तर रविवारी येणार. मग पुतण्यानं द्यावा की थांबावं? एक म्हणाला, बर्फाची पेटी शहापुरात भाड्यानं मिळते, आत्ताच सांगून ठेवू, ऐनवेळी मिळत नाय. माणूस आत श्वास घेतोय आणि हे बाहेर त्याच्यासाठी पेटी बुक करतायत, तीही आधीच!

माझं डोकं फिरलं. बाहेर गेले आणि ओट्यावर जो कोण होता त्याची आय-माय काढली. म्हटलं, पेटीत तुमी झोपा आधी, गार लागतं का बघा. मग कमळूला म्हटलं, पिकअप काढ. बाईजाकाकू आडवी आली, गो गिरजा, खाली घेतलेल्या माणसाला परत उचलत नाय. मी म्हटलं, काकू, रीत माझ्या अंगावर. कमळूनं आणि मी घोंगडीसकट उचललं बाबांना, मागे पेंढा टाकला, आणि शहापूरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती. रक्त तपासलं, तासाभरानं मला बोलावलं आणि म्हणाली, आजोबांच्या अंगातलं मीठ फार कमी झालंय, त्यानं असं होतं. पेज अळणी देत होता का? मी हो म्हटलं. बीपीची लघवीची गोळी चालू होती का? तीही होती. म्हणजे बापाला मारायला भाऊ लांब गेले होते, आणि मी जवळ बसून मारत होते! सलाईन लावलं. हळूहळू चढवावं लागतं म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले आणि मला नावानं हाक मारली, माझ्या नावानं. शनिवारी उठून बसले. सुकटीची चटणी मागितली. मी रडत होते तर म्हणाले, त्या पेटीला नाय बोललीस ता बरा केलास, लय गार लागला असता. म्हणजे सगळं ऐकत होते! विचारलं, बाबा, अजून काय ऐकलंत? म्हणाले, तू पोरांना फोन करीत व्हतीस ता ऐकला. समुद्रात कसला नेटवर्क गो, उगा पोरांना दोष देशील. आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायला लागले, माझी दोन पोरां जहाजात गेलीत, त्यांना अजून ठाऊक नाय बाप आजारी हाय, कळला असता तर उडी मारून आली असती. रविवारी दोघं येऊन गेले, बुधवारी अनिलनं कपाळावर हात ठेवला, ते गुंगीत असल्यानं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी तोंड दाबून बाहेर गेले. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण ह्या म्हाताऱ्याकडं आता दुसरं काय उरलंय? दात नाय, नजर धड नाय, शेत वाट्यानं दिलेलं. पोरं आपली आहेत एवढं एकच त्यांनी घट्ट धरलेलं. ते सुटलं तर सलाईननं काय होणार? मी ठरवलं, हे आपल्या पोटात ठेवायचं. भावांसाठी नाय, थू त्यांच्यावर. बापासाठी.

रविवारी सकाळी दवाखान्यातून सोडलं. घरी आलो, बाबांना ओट्यावर बसवलं. खाली घेतलेला महिपत परत आला म्हटल्यावर अख्खी आळी बघायला लोटली. अंगण भरून गेलं. आणि तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. संदेश. मग अनिल. मग संदेशची बायको. माझ्या फोनवरून त्यांना चाळीसेक मिस कॉल गेलेले दिसले असणार. मी उचलला नाय. कमळूलाही वाजला, त्यालाही म्हटलं, उचलू नको. खोटं कशाला बोलू, मुद्दाम केलं. चार दिवस मी जे भोगलं ते चार तास तरी भोगा, एवढंच माझ्या मनात होतं. त्यातून काय निघेल हे मला सुचलं नाय.

दुपारी दोनला गाडी रस्त्याला थांबली. अंगणात गर्दी, बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. गाडीतून बघणाऱ्याला ते कसं दिसलं असेल ते आता कळतं. संदेश उतरला आणि तिथूनच त्यानं हंबरडा फोडला. "ओ बाबा, आमाला न भेटताच गेलात हो बाबा!" रडत रडत अंगणात शिरला. खांद्यावर नवा पांढरा टॉवेल. डोकं तुळतुळीत भादरलेलं, आणि मिशीसुद्धा काढलेली. बाप जिवंत असताना आमच्यात मिशीला वस्तरा लावत नाय कुणी. नंतर कळलं, शहापुरातच सलूनमध्ये गाडी थांबवून करून घेतलं. मुंडण केलेल्या पोराला भावकी काही बोलत नाय, उलट पाणी देते, हा हिशेब. अनिल मागे होता, त्याचे केस, मिशी जागच्या जागी. त्याचं म्हणणं होतं, आधी घरी जाऊन बघू, मग करू. हा तिथंही थांबला.

कुणी हसलं नाय. बायका नुसत्या बाजूला झाल्या आणि वाट मोकळी झाली. ओट्यावर बाबा बसलेले, हातात चहाची बशी.

संदेश ओट्यासमोर थबकला.

बाबांनी बशी खाली ठेवली. डोळे बारीक करून त्याच्या डोक्याकडं बघितलं, मग ओठाकडं.

"कोण गेला रे?"

बाबा गर्दीवर नजर फिरवून बघत होते, भावकीतलं कोण दिसत नाय ते शोधत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, की असं डोकं पोरगा कुणासाठी करतो. आई तर केव्हाच गेलेली.

"मी?"

संदेश पायाशी कोसळला. बाबा, आमाला वाटलं, ताईचे एवढे फोन, आणि नंतर कोणी उचलेना, समुद्रात नेटवर्क नव्हतं, आमाला काहीच कळलं नाय, असं भराभर बोलत सुटला. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना.

"नेटवर्क नव्हता ता ठाऊक हाय मला. गिरजानं सांगला. मी आजारी हाय ता पण तुमाला ठाऊक नव्हता. मग मी मेलो ता तुला कोणी सांगला?"

संदेशनं वर बघितलं. अनिलकडं बघितलं. अनिल खाली बघत होता.

"कोणी तरी सांगला असेल ना रे?"

मग बाबांनी माझ्याकडं बघितलं. चार दिवस मी त्यांच्यासाठी खोटं बोलले होते, अजून एक बोलले असते तर निभावलं असतं. म्हटलं असतं, मीच निरोप धाडला, चुकून धाडला. जीभ उचललीच नाय. अख्ख्या गावाला पुरून उरणारं हे माझं तोंड, आणि ऐनवेळी त्याला टाळं लागलं. फोन मी उचलला असता तर हा असा आलाच नसता. त्या घटकेला भावांइतकीच मला माझीही किळस आली.

बाबांनी पाय वर घेतले आणि लुगड्याची गोधडी त्यांच्यावर ओढली. संदेशचे हात तसेच रिकामे राहिले.

"गिरजे, मला आत ने."

मी त्यांना धरून उठवलं. उंबऱ्याशी दम लागला म्हणून थांबले, दाराच्या चौकटीला हात टेकला. मागे वळून बघितलं नाय.

"त्या लोकांना च्या दे," म्हणाले. "लांबून आलेत."

मी त्यांना खाटेवर निजवलं आणि चहा ठेवला.